मागची खोली, वापरात

कवळीवाल्या ताईंना तो ओळखत होता असं म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. अकरा वर्षांत तो त्यांच्या घरी बारा वेळा गेला, दर वेळी फार तर वीस मिनिटं. बेरीज केली तर चार तास भरतात, आणि त्यातला निम्मा वेळ त्याची नजर फितीवरच्या आकड्यांवर होती. चार तासांत आपल्याला सर्दी झालीय की नाही हेसुद्धा धड कळत नाही, तिथे माणूस काय कळणार?

पण ताई गेल्यावर दातांच्या डॉक्टरांनी चौकशी केली. ताई आयुष्यभर त्यांच्यासाठी कवळ्या करत आल्या होत्या. दंतवैद्यांच्या वार्षिक पुस्तिकेत बाईंबद्दल थोडं काही यावं, असं डॉक्टरांच्या मनात होतं. गल्लीत विचारलं तर कोणालाच काही सांगता येईना. शेजारीण म्हणाली, "बोलणं होतं आमचं, पण कुंपणावरून. आत कधी बोलावलं नाही हो." मग कोणाला तरी आठवलं की नगर कार्यालयातला तो फीतवाला त्यांच्या घराच्या सगळ्या खोल्या हिंडून आला आहे. असा दुसरा माणूस गावात नव्हता. म्हणून हे सांगायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

फीतवाला हे त्याचं नाव कार्यालयाने ठेवलेलं नव्हतं, गल्ल्यांनी ठेवलेलं होतं. घरात धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि तो दर वर्षी नवा करताना कोणीतरी येऊन घर मोजून जातं. ते मोजणारा तो. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लोखंडी फीत, फॉर्म आणि दोन पेन्सिली. स्वभावाने इतका भिडस्त की दाराची कडी वाजवण्याआधी पायरीवर घसा खाकरायचा. बायको म्हणायची, "लोकांच्या माजघरापर्यंत जाता, आणि वाण्याला सुटे पैसे परत मागायला मला पाठवता!"

नियम असा होता. घरात धंदा चालेल, पण घर घरच राहिलं पाहिजे. बाहेर मोठी पाटी नको, बाहेरचा कामगार नको, गिऱ्हाइकांची रीघ नको, आवाज आणि वास कुंपणाबाहेर जायला नको. शिवाय धंद्याची खोली राहत्या जागेच्या चौथ्या हिश्शापेक्षा मोठी असता कामा नये. राहती जागा म्हणजे धंद्याची खोली धरून, जिथे माणूस खरोखर राहतो तेवढी. कुलूपबंद खोली, अडगळीची खोली, रिकामी पडलेली खोली मोजायची नाही. अर्धी खोली धंद्याची आणि अर्धी घरची, असंही चालत नाही. एक टेबल जरी धंद्याचं असलं तरी खोली अख्खी धंद्याची.

पहिल्यांदा तो गेला तेव्हा भर दुपार होती. ताई पुढच्या खोलीत फिरत्या चाकावर कवळी घासत होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, अंगाने बारीक, हाताला प्लास्टरची पांढरी पूड लागलेली, कपाळावर चष्मा. त्याला बघून त्यांनी चाक थांबवलं नाही, फक्त मानेने स्टूल दाखवलं. खोलीत उग्र, गोडसर, नाकात जाऊन बसणारा वास होता. तीन भिंतींवर फळ्या होत्या आणि फळ्यांवर शेकडो तोंडं. प्लास्टरची, पांढरी, वरचा जबडा आणि खालचा जबडा, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा घातलेला.

"घाबरू नका," चाक थांबवत ताई म्हणाल्या. "सगळे आ वासून बसलेत, पण चावत नाहीत."

त्याने कामाची पद्धत विचारली, कारण फॉर्मात तसा रकाना होता. ताईंनी एका दमात सांगितली. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात. त्या ठशात प्लास्टर ओतायचं, की साचा निघतो. साच्यावर मेणाची हिरडी बसवायची, मेणात एकेक दात रोवायचा. मग सगळं पितळी डब्यात प्लास्टरमध्ये गाडून उकळायचं, मेण वितळून जातं. त्या रिकाम्या जागी गुलाबी लगदा दाबून भरायचा, पुन्हा उकळायचं, घासायचं, चकाकी आणायची.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ना?" त्या म्हणाल्या. "आमचं दोन पिढ्या भरतंय. आधी बाबा, आता मी. परवाना माझ्या नावावर आहे, बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हाच करून घेतला."

बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, ओठांकडे बघत. तो नियम वाचून दाखवत होता, तर मध्येच म्हणाल्या, "उजवीकडची खालची दाढ काढलीत ना? डावीकडेच चावता. जबडा वाकडा होईल एक दिवस."

त्याने मोजायला घेतलं. कामाची खोली दहा बाय बारा, एकशेवीस. मधली खोली पंधरा बाय दहा. तिथे एक खाट, कपाट, ताईंची शिवणाची पेटी. स्वयंपाकघर नऊ बाय दहा. मागे आणखी एक खोली होती. तिचं दार लोटलेलं होतं.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

"बाबा आहेत," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "जरा हळू बोला."

वास्तविक खोली उघडून बघायची, हे त्याचं काम. पण म्हातारा माणूस दुपारचा जरा पडलेला, त्याच्या अंगावर फीत घेऊन कसं जायचं? तो मागच्या अंगणात गेला, बाहेरून भिंत मोजली, भिंतींची जाडी वजा केली. तेरा बाय दहा, एकशेतीस. सगळं मिळून चारशेनव्वद. त्याचा चौथा हिस्सा एकशे साडेबावीस. ताई अडीच चौरस फुटांनी वाचल्या. मागची खोली नसती तर राहती जागा तीनशेसाठच भरली असती, आणि एकशेवीसची कामाची खोली नियमात बसलीच नसती. तेव्हा हे त्याच्या लक्षात आलं, पण आकडे जुळले याचाच त्याला आनंद. त्याने रकान्यात लिहिलं: मागची खोली, वापरात, एक व्यक्ती.

दुसऱ्या वर्षी तो आला तेव्हा ताई मेणात दात रोवत होत्या, त्यामुळे घर चिडीचूप होतं. त्याने मागच्या वर्षीचे आकडे पुढे ठेवून नुसती खूण करायला घेतली, आणि मागच्या खोलीतून खोकला आला. कोरडा, दोन ठसक्यांचा, म्हाताऱ्या माणसाचा. ताईंनी हातातली सुरी खाली ठेवली, पण मान वर केली नाही. त्याने आवाज आणखी बारीक केला, सही घेतली आणि पाय न वाजवता बाहेर पडला.

तिसऱ्या वर्षी दार बोटभर उघडं होतं. जाता जाता त्याची नजर आत गेली. पलंगावर रजई होती, रजईला माणसाच्या अंगाचा उंचवटा होता. उशाशी स्टुलावर घडी घातलेला चष्मा आणि पाण्याचा पेला. पेल्यात कवळी. ती बघून त्याची उरलीसुरली शंकाही फिटली. कवळी पेल्यात आहे याचा अर्थ तोंडात नाही, आणि तोंडात नाही याचा अर्थ माणूस झोपला आहे. कवळ्या करणाऱ्याच्या घरात यापेक्षा पक्का पुरावा कोणता? त्याने फॉर्मात पुन्हा तेच पाच शब्द लिहिले. मग चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षीही लिहिले. दार बाहेरून बघायचं, आवाज खाली आणायचा आणि लिहायचं, असा त्याचा परिपाठच पडला.

सातव्या वर्षी कार्यालयात मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं. घरगुती परवान्यांच्या फॉर्मांवर जेवढी माणसं राहती दाखवली आहेत, ती सगळी जन्म-मृत्यूच्या वहीशी ताडून बघायची. ती वही सांभाळणारी बाई फीतवाल्याच्या शेजारच्याच टेबलावर बसायची. तिला सगळे नोंदवाली म्हणायचे, आणि तिच्या जिभेला धार होती. एका सकाळी ती वही घेऊन त्याच्याकडे आली.

"फीतवाले, तुमचा एक माणूस आमच्याकडे राहायला येऊन सहा वर्षं झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे हा बघा. कवळीवाल्यांचे वडील. तुम्ही दर वर्षी यांना मागच्या खोलीत झोपलेले दाखवता." तिने बोट ठेवलं. "झोपलेत खरे. पण घरात नाही."

त्याने तारीख वाचली, मग आपला पहिला फॉर्म काढला. त्याच्या पहिल्या भेटीच्या तीन महिने आधीची तारीख होती. त्याने पुन्हा वाचली. तो पेन्सिल शोधायला लागला, आणि पेन्सिल त्याच्या हातातच होती.

नोंदवालीचा आवाज उतरला. "अहो, बसा. पाणी घ्या. यादी साहेबांकडे जायला तीन आठवडे आहेत. तोवर मी काही बघितलेलं नाही."

त्या दिवशी त्याला राग आला नाही, भीती वाटली. नोकरीची भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. नसलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून तो सहा वर्षं चवड्यांवर चालला होता. आणि तो खोकला? खोकला त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

दुसऱ्याच दिवशी तो ताईंकडे गेला. पायरीवर घसा खाकरायचंही विसरला.

"या वर्षी लवकर?" ताईंनी विचारलं. त्या एका साच्यावर आकडा घालत होत्या.

"ताई, मागची खोली उघडून बघायची आहे."

"बघा की. कुलूप कुठे आहे?"

त्या उठल्या आणि आपणच पुढे होऊन दार ढकललं. आत काहीही लपवलेलं नव्हतं. पलंग, रजई, रजईखाली गुंडाळून आडव्या ठेवलेल्या दोन गोधड्या. चष्मा पुसलेला. पेल्यातलं पाणी ताजं, कवळी स्वच्छ. जमिनीवर धुळीचा कण नाही. पलंगाखाली चपला होत्या, आणि त्या माणसाने नुकत्याच काढून ठेवल्यासारख्या थोड्या तिरक्या होत्या.

"ताई, तुमचे वडील..." त्याने खांद्यावरची पिशवी सारखी केली. "आमच्या वहीत सहा वर्षांपूर्वी..."

"सहा वर्षं दोन महिने," ताईंनी दुरुस्ती केली.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत, आत कोण आहे. मी म्हटलं, बाबा आहेत. तुम्ही लिहिलंत. माणूस जिवंत आहे का, असा रकाना तुमच्या फॉर्मात आहे कुठे?"

"अहो, माणूस राहतो म्हणजे जिवंतच राहतो!"

"तुम्हाला फार माहिती," ताई म्हणाल्या.

त्यात खोच होती, पण चेहऱ्यावर नव्हती. त्या पलंगाच्या कडेला बसल्या नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, आणि त्याच्या ओठांकडेही न बघता, खिडकीकडे बघत बोलायला लागल्या. इतकं सलग त्या त्याच्याशी त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या, नंतरही नाही.

"आमच्या कामाची एक शिस्त आहे. बाबांची शिस्त. डॉक्टर निरोप धाडतात, अमुक नंबरचा माणूस गेला. निरोप आला की तो साचा फळीवरून काढायचा आणि फोडायचा. त्याचं तोंड पुन्हा कोणी वापरायचं नाही. बाबा गेले तेव्हा त्यांचा साचा मी टेबलावर घेतला, हातोडी उचलली. तेवढ्यात तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं, तपासणीला माणूस येतोय म्हणून. मी हिशेब मांडला. मागची खोली रिकामी म्हटली की माझं काम बंद. बाजारात गाळा घ्यायची माझी ऐपत नाही, आणि दुसरं मला काही येत नाही. मग साचा परत फळीवर ठेवला आणि खोली मांडली. रजई, चष्मा, पेला. तुम्हाला फसवायला मांडली, खोटं कशाला बोलू?"

"बरं, मग?"

"मग तुम्ही दार उघडलंच नाही! एवढं सगळं नाटक मांडलं आणि बघणारा अंगणातून भिंत मोजून गेला." त्या हसल्या, पण एवढंसंच. "तुम्ही गेल्यावर मी आवरायला आत गेले. पेल्यातलं पाणी बोटभर कमी झालं होतं."

"आटलं असेल."

"अर्ध्या तासात? खिडकी बंद होती, ऊन इकडे येत नाही."

त्याने पेल्यात डोकावून बघितलं.

"मला आवरवेना. आवरू कशी? मी तुम्हाला फसवलं असं समजत होते. मग वाटायला लागलं, मी फसवलंच नाही. रोज सकाळी पाणी बदलते. रोज थोडं कमी असतं. कधी जास्त कमी असतं, कधी जरासं."

त्याला ते पाणी मोजता आलं असतं. फीत पिशवीतच होती. पेल्याला लावायची, आकडा टिपायचा, स्वयंपाकघर आणि मधली खोली मोजून परत यायचं, पुन्हा लावायची. आयुष्यभर त्याने हेच तर केलं होतं. पण त्याचा हात पिशवीकडे गेला नाही. त्याऐवजी त्याने भलतंच विचारलं.

"दुसऱ्या वर्षी मी आलो तेव्हा इथून खोकला आला होता. तो तुम्ही कसा काय केलात?"

ताईंनी झटकन मान वळवली. या खेपेला त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"तुम्हीपण ऐकला?"

बस, एवढंच म्हणाल्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, कित्येक वर्षं एकटीने उचललेल्या ओझ्याच्या एका टोकाला दुसऱ्याने हात लावला की होतं तसं. दोघं दारात उभी राहिली, आणि त्या खोलीत त्या दुपारी एक टाचणी पडली असती तरी दोघांनी किंकाळी फोडली असती.

शेवटी कामाची आठवण आधी त्यालाच झाली.

"ताई, ऐका. साहेबांकडे यादी जाणार आहे. खोली रिकामी निघाली तर परवाना जाईल. पण ह्याला सोपा उपाय आहे. तुमची खाट मधल्या खोलीतून इकडे आणा. तुम्ही इथे झोपा. मधली खोली बसायची म्हणून मोजता येते. इथे तुम्ही राहता, आकडे जुळतात. मी खरं तेच लिहीन, आणि काम चालू राहील. कोणालाही फसवायला नको."

इतका सरळ उपाय, आणि सहा वर्षांत दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. त्याला वाटलं ताई खूश होतील. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"इथे? इथे बाबा आहेत."

"ताई..."

"त्यांना उठवू? कुठे पाठवू?"

त्याच्या नियमावलीत सगळं होतं. पाटीची लांबी होती, ज्वालाग्राही द्रवाची बाटली केवढी असावी हेही होतं. हे नव्हतं. त्याने फेरतपासणीच्या कागदावर पंधरा दिवसांनंतरची तारीख घातली आणि तो ताईंच्या हातात दिला.

"तोवर बघा. जमलं तर खोली वापरात लिहीन. नाही जमलं तर मला रिकामी लिहावी लागेल. ह्याहून जास्त मला काही करता येणार नाही."

"तुम्ही पुष्कळ केलंत," ताई म्हणाल्या. "सहा वर्षं हळू बोललात."

ते पंधरा दिवस त्याला वाईट गेले. इतर घरी मोजायला गेला की तो प्रत्येक बंद दारापाशी थांबायचा, वाजवायचा, "आत कोण?" असं दोनदा विचारायचा. एका घरात आतून उत्तर आलं, "कोळशाची गोणी!" आणि घरातली सगळी खो खो हसली. तो नाही हसला. त्याच्या स्वतःच्या घरी मुलीची खोली होती. मुलगी नोकरीला दुसऱ्या गावी जाऊन वर्षं झाली होती. एका संध्याकाळी बायको म्हणाली, "हे काय नवीन? तिच्या खोलीत छत्री ठेवायला जाताना दार का वाजवता?" त्याला ठाऊकच नव्हतं की आपण वाजवतो.

पंधराव्या दिवशी तो गेला तेव्हा ताईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्या त्याला थेट मागे घेऊन गेल्या. मधल्या खोलीतली खाट हलवलेली नव्हती, त्यावर आता बैठक घातली होती. मागच्या खोलीतला पलंग होता तसाच. रजईखालच्या गोधड्या मात्र काढलेल्या. पेला, चष्मा, चपला जागच्या जागी. आणि पलंगाच्या पायाशी, जमिनीवर, ताईंचं अंथरूण. सतरंजी, पातळ गादी, उशी. उशीशेजारी त्यांचं तेलाचं बुधलं आणि फणी.

"खाट मावेना का?"

"मावली असती. पण त्यांच्या बरोबरीने कशी टाकायची? लहानपणी मी इथेच झोपायची, खाली. बाबा वर, मी खाली."

"झोप येते?"

"पहिले चार दिवस नाही आली. मग आली." उशी सरळ करत म्हणाल्या, "खरी गंमत सांगू? मी आल्यापासून ते खोकले नाहीत."

नियमात जमिनीवर झोपू नये असं कुठेही नव्हतं. माणूस तिथे झोपतो, त्याचे कपडे तिथे आहेत, फणी तिथे आहे. त्याने खोली आतून मोजली, आयुष्यात पहिल्यांदा. तेरा बाय दहा, अंगणातून काढलेला आकडा बरोबर निघाला. त्याने दाराशी उभं राहून लिहिलं: मागची खोली, वापरात, एक व्यक्ती.

ताई त्याच्या खांद्यामागून वाचत होत्या.

"एकच लिहिलंत?"

त्यांनी हे चेष्टेत विचारलं की मनापासून, हे त्याला आजही सांगता येत नाही. त्याने पेन्सिल कागदावरून उचलली, पलंगाकडे बघितलं आणि म्हणाला, "नियमाला एक पुरतो, ताई."

"मग असू दे."

मागच्या सहा फॉर्मांचं काय करायचं, हे त्याने रात्रंदिवस घोकून ठरवलं होतं. त्याने एक अर्ज लिहिला: आधीच्या नोंदी तपासनीसाने खोली न उघडता केल्या, चूक तपासनीसाची, परवानाधारकाची नाही. साहेबांनी त्याला उभं करून झाडलं. सगळ्या कार्यालयाने काचेतून ऐकलं. त्याच्या नोकरीच्या पुस्तकात ठपका बसला, आणि तो शेवटपर्यंत तिथे राहिला. ताईंचा परवाना वाचला. ठपक्याचं त्याने ताईंना कधी सांगितलं नाही. नोंदवालीने सांगितलं की नाही, कोण जाणे. तिच्या पोटात तीळ भिजायचा नाही.

पुढची चार वर्षं तो येत राहिला आणि तेच पाच शब्द लिहीत राहिला. आता ते खरे होते, तरी लिहिताना हात जड व्हायचा. ताईंनी मागच्या खोलीबद्दल पुन्हा विषय काढला नाही, त्यानेही नाही. त्या वाळत चालल्या होत्या. बोलताना हात ओठांपाशी न्यायची सवय त्यांना लागली होती. कवळीवालीचे स्वतःचे दात जात होते. जमिनीवरून उठताना पलंगाचा आधार घेऊन उठत असणार, कारण पलंगाच्या लाकडी पायाला, धरायच्या उंचीवर, चकाकी आली होती. पलंग कोणी वापरलेला दिसत नव्हता. तो दर वर्षी बघायचा.

अकरावं वर्ष त्याच्या नोकरीचं शेवटचं. मोजून झालं, सही झाली. एरवी तो इथे पिशवी उचलायचा. त्या दिवशी त्याने फॉर्म पुन्हा उघडला. त्याच्या जागी तरणा माणूस येणार होता, चटपटीत, एका दिवसात नऊ घरं उरकणारा. तो ह्या खोलीत शिरेल, रिकामा पलंग बघेल, जमिनीवरचं अंथरूण बघेल, आणि काय समजेल, काय विचारेल, कुठल्या आवाजात विचारेल, हे त्याला दिसत होतं आणि सोसत नव्हतं. शेऱ्याची जागा त्याने अकरा वर्षं कोरी ठेवली होती. तिथे त्याने सावकाश लिहिलं: मागच्या खोलीत दार वाजवून जाणे. आवाज हळू ठेवणे.

सरकारी कागदावर असलं काही लिहायची त्याची पहिलीच वेळ. ताईंनी वाचलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाचलं. मग फॉर्म त्याच्या हातात परत दिला.

"पुढच्या वर्षी दुसरा माणूस येईल," तो म्हणाला.

"उंच आहे का हो तो?"

"आहे जरा. का?"

"मधल्या खोलीचा दिवा गेलाय. माझा हात पोचत नाही, आणि तुमचाही पोचला नसता म्हणून बोलले नाही."

"स्टूल द्या, मी लावतो."

"नको. पडाल, आणि माझ्याच डोक्याला ताप. तुमची घरी जायची गाडी जाईल."

"पुढची मिळेल की."

"पुढच्या गाडीला गर्दी असते. राहू द्या."

त्याने पिशवी खांद्याला लावली.

"येतो, ताई."

"या."